झोटवाड्यातील नोंदवही : निवासी संस्था आणि पोटातील जंतांचा इतिहास

शासकीय तपासणीचा एक ठरलेला क्रम असतो. आधी चहा, मग नोंदवह्या, मग इमारत, आणि वेळ उरलाच तर शेवटी माणसे. जयपूरच्या वायव्येस असलेल्या झोटवाडा या उपनगरातील एका निवासी संस्थेची तपासणी मी २०१६ च्या हिवाळ्यात याच क्रमाने केली. बौद्धिक अपंगत्व असलेली मुले आणि प्रौढ मिळून चाळीसेक माणसे तेथे राहत. अनुदानाचा विनियोग योग्य रीतीने होतो की नाही, एवढेच मला पाहायचे होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये जयपूरमधीलच जामडोली येथील शासकीय गृहात अवघ्या काही दिवसांत दहाहून अधिक रहिवासी दगावले होते. दूषित पाण्याचा संशय व्यक्त झाला होता आणि वर्तमानपत्रे त्या बातमीने भरून गेली होती. त्यामुळे मी जरा अधिकच बारकाईने पाहत होतो, असे निदान मला तरी वाटत होते.

आहाराची नोंदवही उत्तम होती. पीठ, डाळ, दूध, भाजी यांचे माणशी वजन रोजच्या रोज लिहिलेले. जंतनाशक गोळ्यांचेही एक पान होते : फेब्रुवारी महिना, नावे, सह्या, सारे यथास्थित. इमारत पाहताना पंचविशीच्या आसपासची एक मुलगी भिंतीला टेकून बसलेली दिसली. अत्यंत कृश, ओठ पांढुरके. अधीक्षक म्हणाले, "साहेब, खाण्याची आबाळ मुळीच नाही. सगळ्यांत जास्त हीच जेवते." मी आहाराची नोंदवही पाहिलीच होती. गोळ्यांच्या यादीत तिचे नाव नव्हते, कारण ती यादी एकोणीस वर्षांपर्यंतच्यांची होती. मी प्रपत्र भरले, 'आहार पुरेसा, व्यवस्था समाधानकारक' असा शेरा लिहिला आणि सही केली.

पुढच्या वर्षी अन्य कामानिमित्त तेथे जाणे झाले, तेव्हा कळले की मधल्या काळात त्या मुलीला रुग्णालयात न्यावे लागले होते. रक्त फार कमी झाले होते आणि शौचाच्या तपासणीत एकाहून अधिक प्रकारचे परजीवी सापडले होते. उपचाराने ती बरी होऊन परतली, त्याच खोलीत, त्याच गादीवर. आणि काही महिन्यांत पुन्हा आजारी पडली. माझा शेरा नियमाप्रमाणे अचूक होता. वस्तुस्थितीशी मात्र त्याचा संबंध नव्हता. असे का झाले याचा शोध घेताना मला या विषयाचा जो इतिहास वाचावा लागला, तो वाचकांपुढे ठेवतो.

बंदिस्त माणसे आणि पहिली मोजणी

आतड्यांतील जंतांचा आधुनिक इतिहास बराचसा बंदिस्त माणसांच्या मोजणीचा इतिहास आहे. खेड्यात विखुरलेल्या माणसांची शौचतपासणी कोण करणार? एका छपराखाली ठेवलेल्यांची मात्र करता येते. १८८० च्या सुमारास आल्प्स पर्वतातील सेंट गॉटहार्ड बोगद्याचे मजूर पांढरेफटक पडू लागले, तेव्हा अंकुशकृमीचा प्रताप युरोपला प्रथम मोठ्या प्रमाणावर दिसला. आपल्याकडे १८९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत डॉब्सन या डॉक्टराने आसामातील धुबरी येथे चहाच्या मळ्यांकडे निघालेल्या, वरकरणी निरोगी दिसणाऱ्या मजुरांची तपासणी केली. त्यांपैकी बहुसंख्यांच्या पोटात अंकुशकृमी निघाले.

या मोजणीमागील हेतू विसरता येत नाही. मजुराचे रक्त कमी म्हणजे मळ्याचे उत्पन्न कमी, हे गणित आधी होते. मजुराची प्रकृती त्यानंतर. १९०९ साली अमेरिकेच्या दक्षिण भागात रॉकफेलर यांच्या देणगीतून अंकुशकृमीविरुद्ध जी मोहीम सुरू झाली, तिच्यातही 'आळशी' समजल्या जाणाऱ्या गरीब शेतकऱ्याला कामास लावणे हा विचार होता. १९२० नंतर हीच संस्था मद्रास इलाख्यात आली. तरीही या मोहिमांतून एक पक्के ज्ञान हाती आले. औषधाने जंत पडतात, पण संडास नसेल तर काही महिन्यांत ते परत येतात. शंभर वर्षांपूर्वी कळलेली ही गोष्ट आपण पुन्हा पुन्हा विसरत आलो आहोत.

प्रत्यक्ष निवासी संस्थांचा विचार करायचा, तर न्यूयॉर्कमधील विलोब्रुक या संस्थेचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांची ही अवाढव्य शासकीय संस्था. तेथील रहिवाशांच्या आतड्यांतील परजीवींची दहा वर्षे पाहणी करण्यात आली आणि तिचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी दूरचित्रवाणीवरून तेथील गर्दी आणि घाण अमेरिकेने पाहिली आणि देश हादरला. १९८७ साली ती संस्था बंद झाली. विलोब्रुकमध्ये पैसा नव्हता असे नाही. प्रयोगशाळा होती, तज्ज्ञ होते, औषधे होती. रहिवाशांच्या मानाने त्यांना धुणारे, भरवणारे, सांभाळणारे हात मात्र फार थोडे होते. परजीवींना एवढी सोय पुरते.

सुखात्मे आणि दांडेकर

एम. ए. ला असताना दारिद्र्यरेषेवरील वाद आम्हांला अभ्यासाला होता. परीक्षेपुरता तो पाठ केला आणि विसरलो. झोटवाड्याच्या त्या भेटीनंतर तो नव्याने आठवला. १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्याविषयीचा आपला प्रसिद्ध अभ्यास मांडला. माणशी रोज २२५० कॅलरी देऊ शकेल एवढा खर्च ही त्यांच्या मोजमापाची रेषा होती.

त्यांना उत्तर देण्यास उभे राहिले ते सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत वीस वर्षे सांख्यिकीचे काम करून ते पुण्यास परतले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : माणसाची अन्नाची गरज ही एक स्थिर संख्या नाही. एकाच माणसाची गरजही दिवसागणिक बदलते, शरीर काही मर्यादेत जुळवून घेते. म्हणून सरासरीच्या खाली असलेला प्रत्येक जण उपाशी समजणे चूक आहे. याला जोडून त्यांचा दुसरा मुद्दा होता, तो स्वच्छ पाणी आणि परिसराचा. पोटात गेलेले अन्न अंगी लागते की नाही हे आतड्यांच्या स्थितीवर अवलंबून असते. वारंवार जुलाब आणि जंत होत असतील, तर नुसते अन्न वाढवून कुपोषण हटणार नाही.

दांडेकरांसह अनेकांनी सुखात्म्यांच्या पहिल्या मुद्द्यावर कडाडून टीका केली. गरिबांची गरजच कमी आहे असे एकदा म्हटले की शासनाला हात झटकणे सोपे होईल, ही त्यांची भीती रास्त होती, आणि प्रशासनात तीस वर्षे काढल्यावर मला ती अधिकच रास्त वाटते. परंतु या वादाच्या धुरळ्यात दुसरा मुद्दा मागे पडला. त्या मुलीच्या ताटात कॅलरी मोजून पडत होत्या. दांडेकरांच्या कसोटीला ती संस्था उतरली असती. सुखात्म्यांचा प्रश्न विचारणारा रकाना माझ्या प्रपत्रात नव्हता.

नारूचा धडा

राजस्थानात बसून हा विषय लिहिताना नारूचा उल्लेख टाळता येणार नाही. नारू आतड्यांत राहत नाही, पण तो शिरतो पोटावाटेच. पाण्यातील अतिसूक्ष्म जीवांतून त्याची पिल्ले पोटात जातात आणि वर्षभराने हातभर लांब कृमी पायाच्या फोडातून बाहेर येतो. आपल्याकडच्या जुन्या पिढीला तो चांगला ठाऊक होता. राजस्थानात पायऱ्यांच्या बावड्या हे त्याचे घर. फोड आलेला माणूस पाण्यात पाय घालून घागर भरी आणि त्याच पाण्यात नारू आपली पिल्ले सोडी.

१९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा राजस्थान आणि महाराष्ट्रासह सात राज्यांत मिळून सुमारे ४०,००० रुग्ण होते. या रोगावर गोळी नव्हती, लसही नव्हती. बावड्यांचे रूपांतर करणे, हातपंप बसवणे, पाणी दुहेरी कापडाने गाळणे, प्रत्येक रुग्ण शोधून त्याला पाण्यात उतरू न देणे, एवढीच साधने. दक्षिण राजस्थानातील आदिवासी जिल्ह्यांत युनिसेफच्या साहाय्याने चाललेल्या 'स्वच्छ' प्रकल्पात खेड्यातील स्त्रियांना हातपंप दुरुस्त करण्याचेही शिक्षण दिले गेले. देशातील शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. औषध नसल्यामुळे प्रशासनाला पाण्याकडे पाहणे भागच पडले, आणि म्हणून रोग गेला, असे मला वाटते.

गोळीचे यश

पोटातील जंतांवर मात्र गोळी आहे. स्वस्त आणि निर्धोक. मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांनी केनियातील ७५ शाळांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध केला. जंतनाशक गोळ्यांनी मुलांची शाळेतील हजेरी वाढते, आणि गोळी न घेतलेल्या शेजाऱ्यांनाही लाभ होतो, हा त्यांचा निष्कर्ष अर्थशास्त्रात गाजला. २०१५ मध्ये त्याच आकड्यांच्या फेरतपासणीवरून मोठा वादही झाला. क्रेमर यांना २०१९ चे नोबेल विभागून मिळाले.

राजस्थानने २०१२ साली शाळांतून गोळ्या देण्यास प्रारंभ केला. फेब्रुवारी २०१५ मध्ये राष्ट्रीय जंतनाशक दिनाचा आरंभ झाला, तो जयपूरमधूनच. १ ते १९ वर्षे वयोगट, शाळा आणि अंगणवाडी, अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन वर्षांखालील बालकाला अर्धी. मातीतून पसरणाऱ्या जंतांचे प्रमाण राजस्थानात २०१३ मध्ये २१.१ टक्के होते. २०१९ च्या पाहणीत ते एका टक्क्याच्याही खाली आले. शासकीय कार्यक्रमांत इतके स्वच्छ यश क्वचितच पाहायला मिळते, आणि त्याचे श्रेय शिक्षक व अंगणवाडी सेविकांना दिलेच पाहिजे.

पण या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्यावा लागतो. तो मातीतून पसरणाऱ्या जंतांचा आकडा आहे. गोलकृमीची अंडी शौचावाटे बाहेर पडल्यावर दोन-तीन आठवडे ओलसर मातीत मुरावी लागतात, तेव्हा ती बाधा करण्यास समर्थ होतात. राजस्थानचे ऊन आणि कोरडी वाळू हे काम त्यांना कठीण करते. म्हणूनच तामिळनाडूत जेथे हे प्रमाण ८५ टक्क्यांपर्यंत आढळले होते, तेथे राजस्थानचा आकडा मुळातच कमी होता.

भिंतीच्या आत

निवासी संस्थेत मात्र वेगळेच जंत राज्य करतात, आणि त्यांना माती लागतच नाही. सूतकृमीची मादी रात्री गुदद्वाराभोवती अंडी घालते. खाज सुटते, अंडी नखांत जातात. काही तासांतच ती बाधा करण्यास तयार होतात आणि चादरीवर दोन-तीन आठवडे तग धरतात. बुटक्या फीतकृमीची अंडी तर बाहेर पडताक्षणीच दुसऱ्याच्या, किंवा त्याच माणसाच्या, पोटात जाण्यास सिद्ध असतात. जिआर्डिया आणि आमांशाचा अमीबा हे पाण्यातून, अन्नातून आणि हातांतून जातात. नळाच्या पाण्यातील नेहमीच्या क्लोरिनला ते सहज दाद देत नाहीत. उन्हाचा येथे काही उपयोग नाही, कारण हा सारा प्रवास एका खोलीत, एका हातापासून दुसऱ्या तोंडापर्यंत होतो.

वर्षातून एकदा दिलेली अल्बेंडाझोलची एक गोळी यांच्यापुढे अपुरी पडते. सूतकृमीसाठी ती सर्वांना एकाच वेळी द्यावी लागते आणि दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. जिआर्डियाला उपचार काही दिवस चालवावा लागतो. बुटक्या फीतकृमीचे आणि अमीबाचे औषधच निराळे. शिवाय गोळी फक्त एकोणीस वर्षांपर्यंत. विसाव्या वाढदिवसाला रहिवासी कार्यक्रमातून बाहेर पडतो. त्याची गादी मात्र त्याच खोलीत राहते. अपंग प्रौढांची गृहे, निराधार स्त्रियांची गृहे, वृद्धाश्रम यांपैकी कोणीही या यादीत नाही.

पाण्याची कथा झोटवाड्याला विशेष लागू पडते. एकेकाळी जयपूरबाहेरचे हे खेडे. मग उद्योगवसाहत आली, कालवाड रस्त्याच्या दोन्ही अंगांना वस्त्या वाढल्या. येथील भूजल शासकीय वर्गवारीत 'अतिशोषित' आहे. २००९ पासून बनास नदीवरील बीसलपूर धरणाचे पाणी शहरास मिळू लागले, तरी पाणी ठरल्या वेळीच येते आणि उरलेला वेळ ते टाकीत साठवले जाते. शहरात जागा महाग म्हणून निवासी संस्था अशा उपनगरांतच उभ्या राहतात. दिवसभराच्या पाण्याची मदार एका टाकीवर, आणि ती टाकी शेवटची केव्हा धुतली हे सांगणारी नोंदवही मला त्या संस्थेत मिळाली नाही. मी ती मागितलीही नव्हती.

दुसऱ्या भेटीत तेथील एका वयस्क सेविकेशी बोलणे झाले. सगळे त्यांना 'बाईजी' म्हणत. औषध सगळ्यांना एकाच दिवशी द्यावे आणि त्याच दिवशी सगळ्या चादरी उकळत्या पाण्यात काढाव्यात, नाहीतर काही उपयोग नाही, हे त्यांना कोणत्याही पुस्तकाशिवाय ठाऊक होते. अडचण एवढीच, की रात्री वीस जणींना त्या एकट्याच सांभाळत. जिला शौचाचे भान नाही तिला धुवायचे, आणि पहाटे त्याच हातांनी दूध द्यायचे. साबणाची वडी महिन्याच्या मध्यावर संपे. "दोन हात आहेत, साहेब, ते तरी किती वेळा धुणार?" असे त्या म्हणाल्या. त्यांना दोष देण्याचा विचारही कोणाच्या मनात येऊ नये.

काय करता येईल

नियम नाहीत असे नव्हे. बालन्याय कायद्याखालील नियमांत सात मुलांमागे एक शौचालय आणि दहा मुलांमागे एक स्नानगृह असे प्रमाण घालून दिले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सुरक्षित व स्वच्छ वातावरणात राहणे हा रुग्णाचा हक्क मानला आहे. परंतु शौचालये मोजता येतात. ती रात्री दोन वाजता वापरण्याजोगी असतात का, हे मोजले जात नाही. माझ्या अल्पमतीप्रमाणे तपासणीच्या प्रपत्रात पुढील चार प्रश्न घातले तरी पुष्कळ साधेल :

१. पाण्याची टाकी शेवटची केव्हा धुतली, आणि पिण्याचे पाणी उकळले जाते का?

२. प्रवेशाच्या वेळी आणि नंतर दरवर्षी, वयाची अट न घालता, सर्व रहिवाशांची व कर्मचाऱ्यांची शौचतपासणी होते का?

३. उपचार सर्वांना एकाच वेळी होतो का, आणि त्याच दिवशी अंथरुणे धुतली जातात का?

४. रात्री एका सेविकेमागे किती रहिवासी असतात, आणि शौच धुणारे हात व अन्न वाढणारे हात वेगळे आहेत का?

पहिल्या तीन प्रश्नांचा खर्च किरकोळ आहे. चौथ्याचा नाही, आणि म्हणूनच तो कोणी विचारत नाही. औषध एकदा खरेदी करता येते. माणसाचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो. अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी एवढेच म्हणेन, की जंतांच्या पोटी जाणारे दूध आणि पीठ हाही खर्चच आहे. तो आपण 'आहार' या शीर्षाखाली दाखवतो, इतकेच.

हे चार प्रश्न मी एका टिप्पणीत लिहून वरिष्ठांकडे पाठवले. टिप्पणी विचाराधीन आहे. दरम्यान कोणत्याही निवासी संस्थेत गेलो की मी क्रम बदलतो : आधी माणसे, मग टाकी, मग नोंदवह्या. चहा सर्वांत शेवटी, आणि तो उकळलेला असतो म्हणून निर्धास्तपणे घेतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या माझ्या वाचकांपैकी अनेकांचे आईवडील आज पुण्या-नाशकाच्या वृद्धाश्रमांत आहेत. दर रविवारी दूरध्वनीवर आपण विचारतो, "जेवण बरे असते ना?" उत्तर बहुधा 'हो' असेच येते आणि बहुधा ते खरेही असते. पुढच्या रविवारी आणखी एक प्रश्न विचारावा, असे सुचवतो : तेथील पाण्याची टाकी शेवटची केव्हा धुतली?